उद्याच्या बातम्या वाचणारी उम्म दीमा

माणसाचा शेवट जवळ आलाय हे अर्ध्या अरब जगाला ज्या बाईच्या तोंडून कळलं, ती बाई प्रेशर कुकरला घाबरते. कुकर फुसफुसायला लागला की ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहते आणि कुणीतरी गॅस बंद करा म्हणून घरभर हाका मारते. मी स्वतः जाऊन बंद केलाय. तिचं नाव रुदैना, पण त्या नावाने तिला फक्त तिची आई हाक मारायची. आम्हा सगळ्यांची ती उम्म दीमा, म्हणजे दीमाची आई.

आम्ही दोघी अम्मानमध्ये बातम्यांच्या एका संकेतस्थळावर नोकरी करतो. त्याचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला. गार्डन्स रस्त्यावर मिठाईच्या दुकानावरचा मजला आमचा. खाली तूप तापलं की वर आमच्या युद्धांच्या आणि निवडणुकांच्या बातम्यांनाही कनाफेचा वास येतो. उम्म दीमा इंग्रजी बातम्या अरबीत आणते आणि कॅमेऱ्यासमोर वाचते. मी, सुहा, तिच्या वाचण्याची काटछाट करते, मागे चित्रं आणि संगीत लावते आणि लोकांपुढे ठेवते. आम्हा दोघींकडे विषय एकच आहे, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग.

हे उद्याचं जग कसं बनतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल, कारण ते मीच बनवते. त्याला दोनच रंग असतात. चांगलं भविष्य निळं. त्यात आखाती देशांची काचेची शहरं, बिनचालकाच्या टॅक्सी, आजार होण्याआधीच ओळखणारं यंत्र, आणि मागे बासरी. वाईट भविष्य तांबडं. त्यात रिकामी कचेरी, हातात खोका घेऊन निघालेला माणूस, आणि मागे ढोल. मधलं काही नसतं. दोन्हीकडे पांढऱ्या प्लास्टिकचा तोच एक यंत्रमानव, माणसाच्या बोटाला बोट लावून उभा. तीन वर्षं त्याला वापरून वापरून तो आता घरचा झालाय. आम्ही त्याला अबू बुर्गी म्हणतो, म्हणजे स्क्रूवाले काका.

आणि भविष्य सांगणारा माणूस कायम लांबचा. कॅलिफोर्नियातल्या तज्ज्ञांच्या मते, लंडनमधल्या एका अभ्यासानुसार, असं. जणू उद्याचा दिवस तिकडेच उगवतो आणि आमच्याकडे भाषांतर होऊन येतो. आमच्या झरक्याचा नाहीतर इर्बिदचा एखादा तज्ज्ञ आम्हाला कधी दिसला नाही, आणि तो शोधायला कुणी गेलंही नाही.

आमचे संपादक उस्ताज रिफअत. माणूस वाईट नाही, फक्त सतत आकडे बघून बघून कावलेला. त्यांचा एक नियम होता: बातमीत दुआ नको. आता आमच्याकडची रीत अशी, की उद्याबद्दल काहीही बोलायचं तर अल्लाची मर्जी असेल तर, हे जोडल्याशिवाय जीभ पुढे सरकत नाही. आणि वाईट काही तोंडातून गेलं, कुणाला साधा ताप आला म्हणून सांगितलं तरी, लगेच इडापिडा टळो म्हणायचं आणि जवळचं लाकूड ठोकायचं. रिफअतसाहेबांना हे अजिबात चालायचं नाही.

"ही बातमी आहे, मयताची बैठक नाही," ते म्हणायचे. "होणार म्हणजे होणार. ऐकणाऱ्याला खात्री लागते. अल्लावर सोडायचं तर लोक मशिदीत जातील, आपल्याकडे कशाला येतील?"

"पण उस्ताज, उद्याचं आपल्याला काय माहीत?" उम्म दीमा विचारायची.

"आपल्याला नाही. तज्ज्ञांना माहीत. तुम्ही फक्त वाचा."

ती वाचायची. काय वाचायची! खालचा, सावकाश आवाज, मावशीने शेजारी बसवून समजूत काढावी तसा. निम्मी कारकुनी संपणार, डॉक्टर अनावश्यक होणार, यंत्रं माणसाचं ऐकणं सोडून देणार, हे सगळं ती इतक्या मायेनं सांगायची की लोक घाबरता घाबरता तिलाच दुवा द्यायचे. मात्र वाक्य संपलं की मान जराशी वळवून ती पुटपुटायची, "इडापिडा टळो," आणि टेबलाच्या कडेवर बोटांनी ठक ठक करायची. मी ते कापायचे. रोज कापायचे. माझ्या संगणकात तिच्या इडापिडांचा हा एवढा ढीग साठला होता.

ती काही या कामासाठी जन्मलेली नव्हती. इर्बिदला इंग्रजी शिकली आणि पुढे कितीतरी वर्षं धुलाई यंत्रांची आणि गिझरची माहितीपत्रकं अरबीत आणत राहिली. यंत्र चालू असताना आत हात घालू नये, हे वाक्य मी जितक्या वेळा लिहिलं तितक्या वेळा नवऱ्याचं नावही घेतलं नसेल, असं ती हसून सांगते. आमच्याकडे ती पडद्यामागची अनुवादक म्हणूनच आली. एकदा वाचणारी मुलगी साखरपुड्यासाठी रजेवर गेली ती गेलीच, आणि हिला तात्पुरती म्हणून कॅमेऱ्यासमोर बसवली. ते तात्पुरतं अजून चालू आहे.

मग तबरबूरमध्ये, जिथे ती राहते, तिची पंचाईत सुरू झाली. भाजीवाला विचारायचा, "उम्म दीमा, तुमचा रोबो कधी येतोय? टोमॅटो दाबून बघेल का नुसता बघेल?" खाटीक विचारायचा, मुलाला धंद्यात घेऊ की नको. शेजारणी पोरांचे गुण घेऊन दारात उभ्या, याला काय शिकवू सांगा. तिने कितीही सांगितलं की बायांनो मी फक्त वाचते, तरी कुणाला पटायचं नाही. वाचणारीला आतली बातमी असणारच, असं त्यांचं म्हणणं.

तिचा नवरा अक्रम, आमचा अबू दीमा, मात्र कधी काही विचारायचा नाही. तो पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि नुसता रंगवायचा नाही. आमच्या जुन्या बाजारात अजून दोन-तीन दुकानांवर त्याची अक्षरं आहेत आणि ती बघायला मी मान वर करून उभी राहते. त्याच्या मामाने त्याला लहानपणी हातात बोरू दिला आणि अक्षराची शेपटी कुठे जाड, कुठे बारीक, हे मारून मारून शिकवलं. मग फ्लेक्स आले. संगणकावर कुणीही पोरगं बसतं आणि चहा होईपर्यंत पाटी छापून देतं. अक्रमने काही दिवस वाट बघितली, मग ब्रश धुऊन ठेवले आणि त्याच गाळ्यात भिंतींच्या रंगांचे डबे विकायला बसला. तेव्हापासून त्याने बोरूला हात लावला नाही. सख्ख्या पुतणीच्या लग्नपत्रिकेवर नावं लिहून द्या म्हणाले, तरी नाही.

यंदा दीमाची तौजिही होती. ही आमच्याकडची बारावीची परीक्षा, आणि आमच्याकडे माणसाचं आयुष्य या निकालाच्या अलीकडे आणि पलीकडे असं मोजतात. निकालाच्या दिवशी शहरात गाड्यांचे भोंगे, फटाके, खिडकीतून अर्धी बाहेर लटकलेली पोरं. दीमाला छान गुण पडले. मी खालच्या दुकानातून कनाफेचं तबक घेऊन त्यांच्याकडे गेले. घर माणसांनी भरलेलं, मरमीयाच्या पाल्याचा चहा फिरतोय, उम्म दीमाच्या चेहऱ्यावर असं तेज की वाटावं परीक्षा हिनेच दिली.

कुणीतरी विचारलं, "मग पुढे काय घेणार आमची डॉक्टरीण?"

"डॉक्टरीण नाही, काकू," दीमा म्हणाली. "अनुवाद. आईसारखं."

उम्म दीमाला हे माहीत नव्हतं, हे मी तिच्या तोंडाकडे बघून सांगते. हातातली किटली तशीच राहिली. पोरीने आपलं काम मागावं याचा आनंद लपवताच येत नव्हता तिला.

अक्रमने खिशातून फोन काढला, चष्मा लावला, काहीतरी शोधलं आणि आवाज मोठा केला. घरभर त्याच्या बायकोचा आवाज घुमला. खालचा, सावकाश, मायेचा: अनुवादकाचं काम यंत्र आधीच करू लागलं असून येत्या काही वर्षांत हा व्यवसाय इतिहासजमा होईल, असं तज्ज्ञांचं मत आहे. मागे ढोल. माझेच.

"मी नाही म्हणत," अक्रम म्हणाला. "तुझी आई म्हणतेय."

"बाबा, ती बातमी आहे!"

"बातमी आहे म्हणूनच. मला कुणी बातमी दिली नव्हती, पोरी. मी पाटी रंगवत होतो आणि रस्त्यापलीकडे फ्लेक्सचं यंत्र उतरवत होते. मी त्यांना पाणीसुद्धा पाजलं. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्यांच्या हातात तांब्या दिला असता का?"

"मग मी काय करू? रंगाचे डबे विकू?"

"दीमा!" उम्म दीमा ओरडली.

"विक की. भिंती तरी माणसालाच रंगवायला लागतात," अक्रम शांतपणे म्हणाला. "नर्सिंग घे. कुणाच्या दंडात सुई खुपसायला अबू बुर्गी येणार नाही." हे नाव त्याला माझ्यामुळेच कळलेलं. मी कनाफे खात होते, घास घशात अडकला.

प्रवेशाचे अर्ज भरायला मोजकेच दिवस होते आणि अर्जावर पहिली पसंती कुठली लिहायची यावर घर अडून बसलं. दीमा बापाशी बोलेना. बाप कुणावर रागावला नव्हता, हीच अडचण होती. रागावलेल्या बापाची समजूत काढता येते. हा घाबरलेला होता.

कचेरीत मी उम्म दीमाचे कान खाल्ले. "सांग ना त्याला सरळ, की ती बातमी खोटी आहे."

"खोटी नाहीये."

"मग खरी आहे?"

"खरी आहे हेही मला माहीत नाही, सुहा. मला कुणी विचारलंय का कधी? इंग्रजीत आलं, मी अरबीत केलं, तू ढोल लावलेस. आता माझं मलाच ऐकू येतंय आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे आवाज नाही, कारण माझा आवाज तिकडे गेलाय."

मला राग आला. तिचा नाही, त्या ढोलांचा. माणूस पोटासाठी काय काय वाजवतो.

त्याच आठवड्यात रिफअतसाहेबांनी नवीन टूम काढली. आपल्या स्पर्धेतलं संकेतस्थळ दुपारी थेट बातम्या देतं, मग आपणही देऊ. रेकॉर्डिंग नाही, काटछाट नाही, जे बोललं ते गेलं. आणि निकालाचे दिवस असल्यामुळे पहिला विषय दरवर्षीचाच: कुठले विषय घेऊ नयेत. हा विषय आमच्याकडे दर उन्हाळ्यात जर्दाळूंबरोबर येतो. पूर्वी सरकारी नोकऱ्या कुठे नाहीत ते सांगायचे, आता यंत्र काय खाणार ते सांगतात. कागद माझ्या हातात आला आणि पहिलाच विषय बघून मी रिफअतसाहेबांकडे धावले.

"उस्ताज, हे आज तिला वाचायला नका देऊ."

"का? उच्चार अवघड आहेत?"

"तिच्या मुलीचं..."

"सगळ्यांनाच मुली आहेत, सुहा. मलाही दोन आहेत. बसा जागेवर."

उम्म दीमाने कागद वाचला, घडी केली, उघडला. ओढणी नीट केली. "वाचते," म्हणाली. कॅमेऱ्याचा दिवा लागला.

सुरुवात छान झाली. लोकहो, निकालाबद्दल अभिनंदन, वगैरे. मग ती पहिल्या विषयावर आली. खालच्या, सावकाश आवाजात म्हणाली, "अनुवाद. तज्ज्ञांच्या मते या शाखेतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या हाती काम राहणार नाही. यंत्र त्यांची जागा पूर्णपणे घेईल."

आणि इथे नेहमीप्रमाणे तिची मान वळली.

"इडापिडा टळो," ती म्हणाली. पुटपुटली नाही, चांगलं ऐकू येईल असं म्हणाली. "माझ्या दीमावरची इडापिडा टळो." आणि टेबलावर ठक, ठक, ठक. टेबलावरच माइक होता. जॉर्डनपासून मोरोक्कोपर्यंत ज्याच्या ज्याच्या कानात आम्ही होतो त्या सगळ्यांच्या कानात कुणीतरी दार ठोठावावं तसं झालं. माझे हात कापायला धावले आणि तेव्हा आठवलं, आज कापायचं नाहीये. त्यातच बाहेरून गॅसच्या सिलिंडरांची गाडी आपली ती टिंगटिंग धून वाजवत आली. एरवी ती आली की आम्ही रेकॉर्डिंग थांबवतो.

उम्म दीमा लाल झाली. पण आता ती थांबेना. पुढचा विषय वाचला, हिशेबनीस, आणि म्हणाली, "हिशेब शिकणाऱ्या पोरांवरचीही टळो." ठक ठक. पुढे ग्राफिक्सवाले, पुढे कायद्याचे कारकून, प्रत्येकाला तिने आपली एक इडापिडा दिली. शेवटी कागद खाली ठेवला. "हे सगळं लांबच्या शहाण्या माणसांनी सांगितलंय. मी जसंच्या तसं अरबीत केलंय, एक शब्द सोडला नाही. होईल की नाही ते मला माहीत नाही. तुमचं भलं होवो."

दिवा विझला. रिफअतसाहेब दारात उभे होते आणि त्यांच्या मानेची शीर उडत होती.

"थेट प्रक्षेपणात! थेट! टेबल बडवलंत तुम्ही! आणि होईल की नाही माहीत नाही म्हणालात! मग लोकांनी आपल्याकडे यायचं कशाला?"

"चुकलं, उस्ताज," ती म्हणाली. "तोंडातून गेलं."

"पहिली इडापिडा तोंडातून गेली. बाकीच्या?"

तिने कागदाची पुन्हा घडी केली. मी तिच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मला हसू फुटत होतं.

लोकांनी खाली काय लिहिलंय ते वाचून शिव्या पुसणं हेही माझंच काम. मी चहा घेऊन बसले, म्हटलं आज धुलाई होणार. झालीही थोडी. एकाने लिहिलं की बातमी वाचताय की दृष्ट काढताय. पण त्याच्या खाली एका बाईने लिहिलं: माझा मुलगा एक्स-रे काढतो, त्याच्यावरचीही टळो. मग एकाने, मी बसचा ड्रायव्हर, माझ्यावरची टळो. मोरोक्कोतल्या तांजाहून एक शिवणवाली. मोसुलहून एक जण, चार मुलगे, चौघांची नावं आणि चौघांचे धंदे. बाप मुलांची नावं लिहीत होते, बहिणी भावांची. कुणी आपली चूल, कुणी आपलं दुकान पुढे करत होतं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच. तीन वर्षं आम्ही या लोकांना निळं आणि तांबडं दाखवत होतो आणि ते गप्प बसून बघत होते. आज कुणीतरी टेबल ठोकल्याबरोबर सगळे आपापल्या घरातून बोलायला लागले. माझा चहा गार झाला.

रिफअतसाहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. आकडा बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"हं," म्हणाले. मग हळूच, "यात बातम्यांच्या संपादकांचं कुणी म्हटलंय का?"

"नाही, उस्ताज."

"मग लिहा तुम्ही. माझं नाव नको."

मी लिहिलं. उम्म दीमा खिडकीपाशी पाठमोरी बसली होती. लोकांचं हे सगळं मी तिला वाचून दाखवत होते आणि ती हं हं करत होती, पण तिचा जीव त्यात नव्हता. तिच्या मांडीवर फोन होता आणि घरून काही आलं नव्हतं. "अक्रमने बघितलं असेल," ती एकदाच म्हणाली. "गाळ्यात दुपारी गिऱ्हाईक नसतं. बघतो तो." आणि मग, "पोरीचं नाव मी चव्हाट्यावर घेतलं, सुहा. तो काय म्हणेल?"

मी काय सांगणार? मी आपली खाली खाली सरकत राहिले. सगळीकडे छापील अक्षरं, फोनवर बोट फिरवून उमटवलेली, एकसारखी. आणि त्यांच्यात एकदम एक चित्र आलं.

कागद होता. रंगाच्या डब्यांच्या खोक्याचा फाडलेला तपकिरी पुठ्ठाच म्हणा. त्यावर काळ्या शाईने, बोरूने, एक ओळ लिहिलेली. शेपटी जिथे जाड हवी तिथे जाड, जिथे बारीक हवी तिथे केसासारखी. ही अक्षरं मी मान वर करून बघितलेली होती, बाजारातल्या दुकानांवर. ओळ अशी होती:

माझ्या घरातल्या दोन्ही अनुवादकांवरची इडापिडा टळो.

खाली सही नव्हती. तिची गरजच नव्हती.

"उम्म दीमा," मी म्हटलं. "इकडे ये."

"आणखी कोण?"

"ये तर."

ती आली. माझ्या खांद्यावर हात टेकवून वाकली. आधी नुसती बघत राहिली. मग तिचं बोट पडद्यावर त्या एका शब्दापाशी गेलं, दोन्ही, आणि तिथेच राहिलं.

"शाई वाळायच्या आत फोटो काढलाय येड्याने," ती म्हणाली. "बघ, इथे फिसकटलीय. हात बसलेला नाहीये आता." तिचा आवाज ओला झाला होता, तो जगाला माहीत असलेला खालचा आवाज नव्हता, तबरबूरमधल्या बाईचा होता. तिने ओढणीच्या टोकाने डोळे टिपले आणि माझ्या टेबलावर, लाकडावर, बोटं वाजवली.

मग फोन उचलला.

"दीमा? हो, बघितलं. हो गं, मीही बघितलं. रडू नकोस, मी पण रडत नाहीये. ऐक. अर्ज भर. पहिल्या रकान्यात. आणि बाबांना सांग, कुकर लावला असेल तर आधी उतरवून ठेवा, मी येतेय."